मनापासून स्वीकारते

"कपाळावर टिचक्या मारून भीती जाती व्हय गं?" मी वृषालीला विचारलं. "तसं असतं तर शाळेतल्या मास्तरांनी माझी सगळी भीती तेव्हाच घालवली असती. लई टपल्या खाल्ल्यात मी."

"टिचक्या नाहीत, वन्सं. टॅपिंग. ॲक्युप्रेशरचे बिंदू असतात, त्यांच्यावर बोटांनी हलकं ठोकायचं." तिनं खुर्ची माझ्या कॉटजवळ ओढली. "सकाळपासून तुम्ही चहासुद्धा घेतला नाही. हात बघा किती गार पडलेत."

हात गार पडले होते हे खरं. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी माझी डावी किडनी काढून माझ्या धाकट्या भावाला, सर्जेरावला बसवायची होती. तो खालच्या मजल्यावर होता. डायलिसिस करून करून त्याच्या तोंडाची रया गेली होती आणि आता फार लांबवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई साखरेची पेशंट, तिची किडनी चालणार नव्हती. सर्जेरावच्या बायकोची, म्हणजे या वृषालीचीच, तपासणी झाली होती. "माझी जुळत नाही हो, वन्सं," म्हणून ती माझ्या गळ्यात पडून रडली होती आणि मीच तिची समजूत घातली होती. मग माझी तपासणी झाली. माझी जुळली.

आमचं गडहिंग्लजला मिरची कांडप आहे. वडील गेल्यापासून मीच ते चालवते. दिवसभर यंत्राच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे मी हळू बोलले तरी चार घरांना ऐकू जातं. अशा बाईला भीती वाटत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. वृषालीच्या मनात आलं, याचंच मला त्या संध्याकाळी अप्रूप वाटलं. ती माहेरची पुण्याची. पुण्यात कुठल्याशा शिबिरात ती हे शिकून आली होती आणि सर्जेराव आजारी पडल्यापासून स्वतःवर रोज करत होती.

"भीती किती आहे? दहापैकी सांगा," ती म्हणाली.

"आता भीती काय तागडीत घालून मोजायची?"

"सांगा हो."

"नऊ."

तिनं माझा हात हातात घेतला आणि करंगळीखालच्या कडेवर आपल्या दोन बोटांनी ठोकायला सुरुवात केली. "आता भीती कशाची आहे ते एका वाक्यात म्हणायचं आणि पुढं म्हणायचं, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते. पण वाक्य खरं पाहिजे. मनात एक आणि तोंडात एक असलं की गुण येत नाही. मी स्वतः अनुभव घेतलाय."

मी म्हटलं, "जरी मला भूल उतरणार नाही अशी भीती वाटते, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते." म्हणताना मला हसू येत होतं. तिनं भुवईच्या सुरुवातीला ठोकलं, डोळ्याच्या कडेला ठोकलं, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाखाली, काखेखाली आणि शेवटी टाळूवर. बोटं हलकी होती तिची. लेकराला निजवताना थोपटावं तशी.

"आता किती?"

"नऊच हाय की."

"मग हे ते नाही, वन्सं. ही वरवरची झाली. तळातलं काय आहे ते सांगा."

तळातलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं लग्न राहून गेलं होतं. मुद्दाम कुणी राहू दिलं असं नाही. वडील गेले, कांडप गळ्यात पडलं, सर्जेरावचं शिक्षण झालं, त्याचं लग्न झालं, त्याची पोरं झाली आणि मी त्रेचाळीस वर्षांची झाले. आमच्याकडं म्हणतात तसं, घोडं गंगेत न्हालं, पण ते दुसऱ्याचं. माणूस पुढं पुढं जगत राहतो आणि एक दिवस कुणीतरी थांबून विचारतो, तुझं काय? मला ते विचारणारा माणूस त्याच वर्षी भेटला होता.

त्याचं नाव शिवानंद हत्तरकी. एसटीत ड्रायव्हर. त्याची बायको आठ वर्षं आजारी होती आणि आदल्या साली गेली होती. घरात बाईमाणूस नाही म्हणून वर्षाचं तिखट करायला तो स्वतःच मिरच्यांचं पोतं घेऊन आला. देठ न काढताच आणल्या होत्या. मी त्याला झापलं, पाट दिला आणि देठ काढायला बसवलं. तो निमूट बसला. पुढं काही ना काही निमित्तानं येत राहिला. तुळशीचं लग्न झालं की घरात सांगायचं असं आमचं ठरलं होतं. तो लिंगायत, आम्ही मराठा; घरात थोडी आदळआपट झाली असती, पण ती मी बघून घेतली असती. आदळआपटीला मी भीत नव्हते.

मग किडनीचं निघालं. मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शालन, मी आठ वर्षं दवाखान्यात काढली. तू धडधाकट हैस म्हणून धीर करून तुझ्याकडं आलो. आता पुन्हा तेच सगळं मला झेपायचं न्हाई. तू कर, मी अडवणार न्हाई. पण मला हिशेबात धरू नको." वाईट माणूस नव्हता तो. पोळलेला होता, एवढंच. एका किडनीवरही माणूस चांगला जगतो, असं डॉक्टरांनी मला समजावलं होतं. ते मी त्याला समजावू शकले नाही.

हे सगळं मी त्या संध्याकाळी वृषालीला सांगितलं. ती डोळ्याखाली ठोकत होती. शिवानंदचं नाव आलं आणि तिची बोटं थांबली.

"यांना माहीत आहे हे?" तिनं विचारलं. यांना म्हणजे सर्जेरावला.

"त्याला कशाला सांगू? जिवावर बेतलंय त्याच्या. त्यात हे कुठं मधी? तूबी सांगू नको."

"पण वन्सं, तुमचं लग्न..."

"दुसऱ्या कुणाची जुळली असती तर मी पळूनच गेली असती बघ त्याच्याबरोबर," मी हसत म्हटलं. "तुझी जुळली असती तर तुझ्या गळ्यात हे घोंगडं घालून मी सुटली असती. पण न्हाई नशिबात, तर न्हाई."

ती उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर शहाळीवाल्याची गाडी होती, तिकडं बघत होती. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, पोरगी माझ्यासाठी रडतेय. परक्या घरातून आलेली, पण सख्ख्या बहिणीसारखी माया लावते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "खुळी हैस काय? रडतीस कशाला?"

"म्हणा माझ्याबरोबर," ती म्हणाली. "जरी मला शिवानंद जाण्याची भीती वाटते..."

"जरी मला शिवानंद जायची भीती वाटते..."

"तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते."

ती ठोकत राहिली, मी म्हणत राहिले. आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. छातीवर ठेवलेला पाटा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. आधी मी रडले, मग जांभया यायला लागल्या, हात गरम झाले. तिनं विचारलं, "आता किती?" मी म्हटलं, "दोन." मी चहा मागवला, दोन बिस्किटं खाल्ली आणि गाढ झोपले.

सकाळी दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडम आल्या. वृषालीला त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. "शालनताई, शेवटचं विचारते. कुणाचा दबाव नाही ना? मनात काही शंका असेल तर अजूनही नाही म्हणता येईल. घरच्यांना मी वैद्यकीय कारण निघालं एवढंच सांगेन. तुमचं नाव कुठं येणार नाही."

हीच बाई आदल्या दिवशी दुपारी आली असती तर मी निदान चार प्रश्न विचारले असते. वृषालीचं नेमकं काय जुळलं नाही, आणखी कुणाची तपासणी करता येईल का, महिनाभर थांबता येईल का. ते प्रश्न माझ्या मनात घोळत होते. म्हणून तर नऊ होते. पण त्या सकाळी माझं मन सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ होतं.

"दबाव कसला, मॅडम?" मी म्हटलं. "भाऊ हाय माझा. चला, उशीर कशाला?"

ऑपरेशन झालं. शुद्ध आली तेव्हा पोटात आग पडली होती आणि खांदा दुखत होता. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, हे मला काही कळेना. सिस्टर म्हणाली, आत गॅस भरतात, त्यानं होतं. वृषाली उशाशीच होती. तिनं लगेच माझ्या गळ्याच्या हाडाखाली ठोकायला सुरुवात केली. मी पुटपुटले, "जरी माझ्या पोटात आग पडलीय..." आणि ती म्हणाली, "तरीही मी स्वतःला..." दुखणं गेलं नाही, पण घाबरणं गेलं. दुखतंय ते दुखू दे, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी आई पेढे घेऊन आली. सर्जेरावला नवी किडनी लागली होती आणि तिनं लगेच काम सुरू केलं होतं, म्हणजे त्याला भरपूर लघवी झाली होती. आईनं सिस्टरला, आयाबाईला, शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला पेढे दिले. लघवी झाली म्हणून पेढे वाटलेले मी जन्मात तेवढेच बघितले. माझ्या तोंडातही तिनं कणभर पेढा घातला आणि माझ्या पायांना हात लावायला निघाली. मी पाय ओढून घेतले, तर टाके ताणले गेले.

चौथ्या दिवशी मला चालायला सांगितलं. पोटाला हात लावून, भिंत धरून मी जिना उतरले. सर्जेरावला वेगळं ठेवलं होतं, आत कुणाला सोडत नव्हते, पण काचेतून बघता येत होतं. म्हटलं, लांबून तरी बघावा. त्या काचेच्या अलीकडं एक बाकडं होतं. त्यावर वृषाली बसली होती, माझ्याकडं पाठ करून. हाक मारणार तेवढ्यात तिचा हात हलताना दिसला. स्वतःच्या करंगळीखाली ठोकत होती. मी थांबले. कुणी जप करत असलं तर आपण हाक मारत नाही, तसं.

ती हळू बोलत होती, पण तिथं दुसरा आवाज नव्हता.

"जरी माझी किडनी जुळत असताना मी वन्संना जुळत नाही म्हणून सांगितलं, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते."

मला वाटलं, औषधांमुळे काहीतरी भलतं ऐकू येतंय.

तिनं भुवईवर ठोकलं. डोळ्याच्या कडेला ठोकलं. "जरी वन्संचं लग्न मोडणार हे कळूनसुद्धा मी गप्प बसले, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते. जरी मला घाबरायला झालं होतं, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारते." नाकाखाली, हनुवटीवर, टाळूवर. मग तिनं मोठा श्वास घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून मोबाईल काढला.

मी ओरडणारी बाई. पण ओरडायला पोटातून जोर लागतो, आणि पोटात टाके होते. मी तशीच भिंत धरून वर आले. वर यायला मला फार वेळ लागला. कॉटवर बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाबतीत काय काय केलं गेलंय. किडनी गेली त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. तिनं माझ्या तोंडून माझी भीती बाहेर काढून घेतली, ती हातात घेऊन बघितली आणि मला थोपटून निजवलं, याची चीड आली. बरं, ठोकत होती ती माझ्यावर, पण ऐकत तर होती ना? जुळते माझी, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. रात्र अख्खी हातात होती.

त्या संध्याकाळी ती आली आणि सवयीनं हात पुढं केला. मी म्हटलं, "आज नको." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज नको." तिनं ओळखलं की नाही, मला माहीत नाही. मला आधी सर्जेरावला विचारायचं होतं. मनातल्या मनात मी म्हणत होते, त्याला माहीत नसू दे. देवा, एवढं तरी असू दे. बायकोनं त्यालाही फसवलेलं असू दे.

घरी सोडायच्या दिवशी मला आत नेलं. अंगात झगा, तोंडाला मास्क. सर्जेराव उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता. इतक्या दिवसांनी तो माझा भाऊ दिसत होता. वृषाली त्याच्या पायाशी उभी होती.

"अक्का," तो म्हणाला. "तुझं ऋण मी..."

"ते ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "सर्जा, वृषालीची जुळत होती?"

तो वृषालीकडं बघायला लागला. वृषाली खाली बघायला लागली. एवढं बस झालं मला, पण तरी मी थांबले. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अक्का, तिला भ्या वाटत हुतं गं. रात रात झोपायची न्हाई. आन् दोन पोरं हाईत पदरात. माझं एक असं, उद्या तिचं काय झालं तर पोरांनी कुणाकडं बघायचं?" तो मास्कच्या आतून भराभर बोलत होता, जणू हे वाक्य त्यानं बऱ्याच दिवसांपासून तयार ठेवलं होतं. "तुझं तसं न्हाई. तुझ्या मागं कोण हाय?"

लहानपणी हा माझ्या कडेवर वाढला. आई कांडपावर असायची आणि मी याला कडेवर घेऊन शाळेत जायची. तुझ्या मागं कोण हाय, असं त्यानं मला विचारलं. मला इतकी लाज वाटली, जणू एकटी राहिले हा माझाच गुन्हा होता.

"शिवानंद हत्तरकी हुता," मी म्हटलं.

"कोण शिवानंद?"

"बायकोला विचार. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिला सगळं सांगितलंय मी."

त्यानं तिला विचारलं नाही. तिच्याकडं बघितलं आणि त्याला समजलं. म्हणजे ही गोष्ट तिनं त्याच्यापर्यंत पोचवलीच नव्हती. तिथं मला क्षणभर आशा वाटली. खुळी आशा. मी विचारलं, "तुला त्या संध्याकाळी कळलं असतं, तर थांबवलं असतंस व्हय?"

"तू न्हाईतरी दिलीच असतीस की, अक्का."

"दिली असती, न्हाईतर न्हाई दिली असती. ते मी ठरवणार हुते. तू थांबवलं असतंस का, ते सांग."

सर्जेरावनं बाजूच्या स्टुलावरची बाटली उचलली, मास्क खाली केला आणि पाणी प्यायला लागला. डायलिसिसवर असताना त्याला घोट घोट मोजून पाणी मिळायचं. आता भरपूर प्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो घटाघटा पीत राहिला, बाटली संपेपर्यंत, आणि मी उभी राहून बघत राहिले. मग सिस्टर आली आणि म्हणाली, "पुरे आता, पेशंटला त्रास नको."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. सर्जेराव ठणठणीत आहे. मीही आहे, कांडप चालू आहे, फक्त पोती उचलायला माणूस ठेवलाय. भाऊबीजेला तो येतो, मी ओवाळते, वृषाली लाडू आणते. भांडण झालं नाही. गावात अजून म्हणतात, बहीण असावी तर शालनसारखी. मी तिथून उठून जाते.

शिवानंद त्यानंतर एकदाच आला. पुढच्या उन्हाळ्यात, मिरच्या घेऊन. या वेळी देठ काढून आणल्या होत्या. यंत्र चालू होतं, म्हणून मी त्याला ओट्यावर बाहेर नेलं.

"बरी हैस?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. तुम्ही?"

"घरच्यांनी संकेश्वरची एक बाई बघितलीय. विधवा हाय. मी अजून होकार दिला न्हाई." तो टोपी हातात फिरवत होता. "त्याआधी तुला एक विचारायचं हुतं. रागावू नको. दुसऱ्या कुणाचीच जुळत नव्हती? का तुलाच माझ्यापरास भाऊ मोठा वाटला?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढं पुष्कळ केला. कदाचित तो थांबला असता. पण खरं सांगायचं म्हणजे, माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं, असं मला त्याच्यासमोर उभं राहून म्हणावं लागलं असतं. मी स्वतःचं हसं करून घेतलंच होतं. ते एका परक्या माणसाला, आणि तेही याच माणसाला, दाखवायचं माझ्याच्यानं झालं नाही.

"कुणाचीच जुळत नव्हती," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. टोपी डोक्यावर घातली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला.

"मग तू बरोबरच केलंस, शालन," तो म्हणाला.